उभ्याने जाणारे खोडे मास्तर

खोडे मास्तर बसमध्ये कधी बसले नाहीत. जागा रिकामी असली तरी नाही.

आर्वीहून कारंज्याला, म्हणजे आमच्या घाडग्यांच्या कारंज्याला, सकाळी जी पहिली गाडी जायची तिच्यावर मी कंडक्टर होतो. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मास्तर आर्वीला राहायचे आणि कारंज्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ठेंगणे, खांद्यात रुंद, डोक्याला तेल चोपडलेलं, पांढरा सदरा पँटीत न खोचलेला आणि खांद्याला एक खाकी थैली. तिकीट काढलं की ते गाडीच्या मधोमध यायचे, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून उभे राहायचे. वरचा दांडा धरायचा सोडून दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि डोळे मिटायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणसाला चक्कर येतेय.

"मास्तर, मागे जागा आहे ना."

"असू द्या."

"मंग दांडा तरी धरा."

"धरला त समजत नाई," ते डोळे न उघडता म्हणाले.

काय समजत नाही, हे विचारायला मला पंधरा दिवस लागले. कंडक्टरला शंभर कामं असतात. उतारूच्या वेडाची चौकशी हे काही त्यातलं एक नाही. पण शेवटी राहवेना, म्हणून विचारलं.

"गाडी जे जे करते ते पायाले समजते," मास्तर म्हणाले. "निघाली, वळली, थांबाले लागली. हातानं धरलं का हातच सारं निस्तरते. पायाले खबरच लागत नाई."

त्याच आठवड्यात एक धिप्पाड गृहस्थ गाडीत चढले, धोतर सावरत उभे राहिले आणि गाडी निघताच मागच्या बाकावरच्या माणसाच्या मांडीत जाऊन बसले. सगळी गाडी हसली. ते बिचारे ओशाळून म्हणाले, "पडलो ना बाप्पा!"

"तुम्ही पडले नाई, भाऊ," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही जिथी होते तिथीच राह्यले. गाडी निघून गेली. पायाले गाडीनं नेलं, बाकीच्या आंगाले कोणी सांगतलंच नाई."

त्या गृहस्थांनी आधी मास्तरांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटं फाडायला लागलो. पण वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्या दिवसापासून कुणी धडपडलं की मी बघायला लागलो, हा पडला की राहिला?

पुस्तकात याला जडत्व म्हणतात, हेही मास्तरांनीच सांगितलं. पण बसमध्ये ते हा शब्द वापरत नसत. "जडत्व म्हटलं का पोट्टे लिहून घेतात अन् विसरतात," म्हणायचे. त्यांची भाषा साधी होती. बसलेल्या वस्तूला बसून राहावंसं वाटतं, चाललेलीला चालत राहावंसं वाटतं. कुणी जोर लावला तरच तिच्यात बदल होतो. आणि वस्तूत माल जितका जास्त, तितका जोर जास्त लागतो. "बस, एवढंच हाय," म्हणायचे. मग त्या एवढ्याशा गोष्टीवर कारंजा येईपर्यंत बोलायचे.

एकदा त्यांनी थैलीतून लिंबू काढलं आणि गाडी उभी असताना मधल्या वाटेवर ठेवलं. गाडी निघाली तसं लिंबू मागे गेलं. बाया पाय वर घेऊन बघायला लागल्या. पुढे एका फाट्यावर गाडी थांबायला लागली आणि लिंबू जे सुटलं ते सरळ पुढे, जाळीच्या खालून ड्रायव्हरच्या पायाशी.

आमचा ड्रायव्हर शेषराव. मिशीवाला, पानाचा शौकीन, गाडी अशी चालवायचा की पान लावताना चुना सांडू नये. त्यानं गाडी उभी केली, लिंबू हातात घेऊन मागे आला आणि भर गाडीत ओरडला, "हे ब्रेकखाली आलं असतं म्हंजे? पन्नास लोकं घेऊन चाल्लो मी! शाळेतले खेळ शाळेत खेळा!"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी उत्तर देईल. ते म्हणाले, "चूक माही हाय. लिंबू समोर येइन हे मले माहीत होतं. समोर काय हाय ते मी पाह्यलं नाई." आणि सगळ्या गाडीकडे वळून त्यांनी हात जोडले. शेषरावचा राग जागच्या जागी विझला. पन्नास माणसांदेखत 'चूक माझी' म्हणणारा माणूस त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला होता. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लिंबाऐवजी गवंड्याचा ओळंबा आला. मास्तरांनी आधी शेषरावची परवानगी घेतली आणि मग तो वरच्या दांड्याला बांधला. दोरीला लोंबणारा तो पितळी गोळा गाडी निघाली की मागे झुकायचा, थांबताना पुढे, डावीकडे वळताना उजवीकडे. शेषरावला आरशातून दिसायचं. तिसऱ्या दिवशी कारंज्याला चहा पिताना म्हणाला, "मास्तर, एक सांगा. सरळ सडकेवर मी चांगली पळवली, त तुमचा गोळा हाललाच नाई. हळू निघालो तवा हालला. असं उलटं काऊन?"

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. "शेषराव, माह्या वर्गातल्या एकाबी पोट्ट्यानं हे विचारलं नाई. पळण्याचं गोळ्याले काहीच नाई. एकसारखी पळून राह्यली गाडी, तोबी तिच्यासंग पळून राह्यला. त्याले फरक पडते तो वेग बदलला का."

तेव्हापासून शेषरावनं एक धंदा आरंभला. गोळा हलू न देता गाडी काढायची. क्लच असा सोडायचा की आपण निघालो हे बाहेरची झाडं मागे सरकल्यावरच कळावं. आमच्या गाडीचं नाव झालं. आजारी माणसं, बाळंतिणी मुद्दाम शेषरावची गाडी आहे का म्हणून विचारायला लागल्या. ओळंबा महिनाभरानं मास्तरांनी गवंड्याला परत दिला, पण शेषरावची सवय राहिली.

दुसरी एक सकाळ मला आठवते. थंडीचे दिवस होते, गाडी मधल्या एका गावात बंद पडली आणि धक्का मारल्याशिवाय सुरू होईना. वीस-पंचवीस पुरुष खाली उतरले. सगळे आपापल्या परीनं ढकलू लागले, गाडी हलेना. मास्तर म्हणाले, "एकेकाचा जोर तिले समजतच नाई. संगच लावा." त्यांनी आवाज दिला, सगळ्यांनी एकदम खांदा लावला. गाडी विचार केल्यासारखी बोटभर सरकली, मग हातभर, मग चालायला लागली, आणि एकदा चालायला लागल्यावर तिला मागचे तिघे-चौघेच पुरले.

गाडीत बसताना गुलाबराव नावाचा एक शेतकरी मास्तरांना अडवून म्हणाला, "मास्तर, तुम्ही रोज म्हणता, चालणारी वस्तू चालतच राह्यते. मले हे पटत नाई. माही बंडी त बैल थांबले का थांबते."

प्रश्न सगळ्यांनाच पटला होता. मला वाटलं, आता मास्तर पुस्तक काढतील. त्यांनी उलट विचारलं, "आसाले वंगण नसलं त बंडी कशी चालते?"

"कुरकुरते. जड जाते."

"अन् वंगण घातल्यावर?"

"हलकी. उतारावर त बैलाच्या आंगावर येते."

"काळ्या वावरात बैल थांबले त बंडी किती जाते?"

"जाते कुठी? तिथीच रुतते."

"अन् या डांबरी सडकेवर?"

गुलाबरावनं विचार केला. "दोनचार हात जाते."

"सडक याहून गुळगुळीत केली त?"

"आणखी जाइन."

"अन् तिले धरणारं, घासणारं काहीच नसलं त? ना माती, ना वारा, ना आसाची कुरकुर?"

गुलाबराव खिडकीशी जाऊन टेकला. त्याचं गाव यायला वीसेक मिनिटं होती. तेवढा वेळ तो खिडकीबाहेर बघत बसला. मास्तर त्याच्याकडे एकदाही वळले नाहीत. हात पाठीमागे, डोळे मिटलेले. गाव आलं. गुलाबराव उतरला, दोन पावलं गेला, परत आला आणि खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, "मास्तर! मंग ते थांबनच काऊन?"

मास्तरांनी डोळे उघडले. तसा आनंद मी माणसाच्या तोंडावर फार थोड्या वेळा पाहिला आहे. पुढे वर्षभर ते भेटेल त्याला सांगायचे, "मी सांगतलं नाई हो. गुलाबरावनंच काढलं."

हीच त्यांची रीत. उत्तर त्यांच्या खिशात असायचं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना भूक होती. आणि उत्तर कुणाकडे असेल याचा त्यांचा काही अंदाज नसायचा, म्हणून ते सगळ्यांनाच विचारायचे. सुताराला विचारायचे, कुऱ्हाडीचा दांडा घट्ट बसवायला तो जमिनीवर का आपटतोस, कुऱ्हाडीवर का मारत नाहीस. त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं, "ह्यायले गादी झटकाले सांगतली त अर्धा घंटा लागते. धूळ गादीतून निघाली का गादीच धुळीतून निघून आली, हे पाह्यत बसतात."

आमच्या गाडीत रोज एक म्हातारी चढायची. सरुबाई तिचं नाव, पण आम्ही सगळे सरुमाय म्हणायचो. रस्त्यावरच्या एका गावात तिच्या घरचं भाजीचं वावर होतं आणि वांगी, भेदरं, सांबार असं टोपलं कमरेवर घेऊन ती कारंज्याच्या बाजारात बसायची. भेदरं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे दुसरं नाव चालत नाही. चढायच्या आधी ती सांबाराच्या जुड्या ओल्या करून एक-एक झटकायची. मास्तर एकदा खाली उतरून तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"सरुमाय, पाणी उडालं काऊन?"

"काऊन म्हंजे? झटकलं म्हणून."

"तू त जुडी झटकली. पाण्याले थोडीच हात लावला?"

सरुमायनं त्यांना खालवर पाहिलं. वेड्याशी बोलावं तशी ती सावकाश बोलली, "माहा हात थांबला त जुडी थांबली. पाणी नाई थांबलं."

मास्तर वाकून तिच्या पाया पडले. ती ओरडली, "अवो मास्तर, हे काय करता!" आणि त्या दिवशी त्यांनी आठवीच्या वर्गात जडत्वाचा नियम फळ्यावर लिहिला तो सरुमायच्या शब्दांत. मला हे त्यांच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, मास्तरांनी नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. पण ते गाळून खोडे मास्तर सांगितले तर मी त्यांना अर्धेच सांगितले असं होईल.

त्या वेळी मास्तर हिवतापानं चार-पाच दिवस घरी होते. गाडीला गर्दी होती आणि उशीर झाला होता. सरुमायच्या गावी गाडी थांबली. पाच-सहा माणसं चढली, शेवटी सरुमाय. मी गर्दीत पाठमोरा होतो, कुणाला तरी पुढे सरका म्हणून ओरडत होतो. दार लागल्याचा आवाज आला आणि मी दोरी दोनदा ओढली. डबल बेल. शेषरावनं गाडी सोडली. माझ्यामागे धप्प आवाज झाला, बाया ओरडल्या, शेषरावनं करकचून ब्रेक लावला. वळून पाहतो तो सरुमाय मधल्या वाटेत पडलेली आणि भेदरं सगळ्या गाडीत.

तिचं कंबरेचं हाड मोडलं. कारंज्याच्या दवाखान्यात तिला ठेवलं. तिच्या पोरानं तक्रार दिली की ड्रायव्हरनं अचानक ब्रेक मारला म्हणून आई पडली. लोकही तेच म्हणत होते, कारण सगळ्यांना आठवत होता तो ब्रेकच. त्यानं सगळेच हलले होते. शेषरावला गाडीवरून उतरवलं आणि चौकशी लागली. आणि तो, ज्यानं गोळा हलू न देता गाडी चालवली, तो डेपोतल्या बाकावर बसून मला म्हणायचा, "मारला असन मीच. मले काही आठवत नाई, वामन."

मला आठवत होतं. मी काही बोललो नाही. मला दोन लहान मुली होत्या, नोकरी जाईल ही भीती होती, आणि कुणी मला विचारलंही नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये, असं मी मनाला सांगत होतो.

पाचव्या दिवशी कारंज्याला गाडी लावल्यावर मी संत्री घेऊन सरुमायला भेटायला गेलो. मी स्टुलावर बसलो होतो तेवढ्यात मास्तर आले. तापानं गाल बसले होते, पण शाळा सुटल्याबरोबर थेट आले होते. खाटेशी उभे राहून त्यांनी विचारपूस केली आणि मग त्यांचा स्वभाव जागा झाला.

"पडली कशी तू, सरुमाय?"

"ब्रेक मारला म्हणतात."

"म्हणतात ते सोड. तुले काय वाटलं?"

"मले?" सरुमाय आठवायला लागली. "मले वाटलं, मागून कोणी पदर ओढला."

मास्तरांचे डोळे एकदम चमकले. गुलाबरावच्या वेळी चमकले होते तसे.

"तोंड कोणीकडे होतं तुहं?"

"ड्रायव्हरकडे. समोर जागा पाहून एक पाय उचलला होता, टोपलं कमरेवर."

"अन् पडली ते तोंडावर का पाठीवर?"

"पाठीवर. मागच्या बाकाले डोकं लागलं ना. भेदरं त साऱ्या गाडीत–"

"भेदरं सोड. गोल असते, कुठीबी जाते. सांबार कुठी पडला?"

"सांबार माह्या डोक्यामागं. साऱ्या जुड्या तिथीच होत्या."

मास्तर खाटेच्या लोखंडी कडेवर बोटानं रेघ ओढत होते. "म्हंजे ब्रेकनं पडली असती त ड्रायव्हरकडे गेली असती. पाठीवर पडली म्हंजे गाडी थांबत नव्हती. गाडी नि–"

ते तिथंच थांबले. 'निघत होती' हे शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. गाडी कुणाच्या बेलवर निघते, हे रोज जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांचं बोट रेघेच्या मध्ये थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं.

"काय झालं?" सरुमायनं विचारलं.

"काई नाई. संत्रं खा," मास्तर म्हणाले आणि स्वतःच सोलायला बसले. एक-एक फोड तिच्या हातावर ठेवत गेले. अख्खं संत्रं संपेपर्यंत उठले नाहीत.

आम्ही बरोबरच बाहेर पडलो. दवाखान्याच्या फाटकाशी ते थांबले. मी म्हणालो, "मास्तर, कोणाले सांगसान?"

"मी गाडीत नव्हतो. मले कोण विचारते?" ते म्हणाले. "वामनभाऊ, मी वर्गात विचारतो तसा विचारत गेलो. तुम्ही बसले हा, हे भान नाई राह्यलं. माफ करा."

मला वाटलं होतं ते मला बोल लावतील. माफी त्यांनीच मागितली, आणि ती मला जास्त लागली.

"माहीत असतं त नसतं विचारलं?" मी विचारलं.

मास्तरांनी खरंच विचार केला. हा माणूस कुठल्याच प्रश्नाला घाईनं उत्तर देत नसे. "विचारलं असतं," ते म्हणाले. "पण आधी तुम्हाले बाहेर बोलावलं असतं." आणि ते चालू लागले. आर्वीच्या परतीच्या गाडीत त्या दिवशी ते नेहमीसारखे मधोमध उभे होते. मी तिकीट द्यायला गेलो तेव्हा आम्ही दोघंही तिकिटाकडेच पाहत होतो.

मला आणखी तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी चौकशीला बोलावलं. साहेबांनी शेषरावला विचारलं, ब्रेक का मारला. तो मान खाली घालून म्हणाला, आठवत नाही. तेव्हा मी उभा राहिलो. "साहेब, बाई ब्रेकनं पडली नाही. ती नीट उभी राहायच्या आधी मी डबल बेल दिली. ब्रेक नंतर लागला."

शेषराव परत गाडीवर गेला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "आठ दिवस मी झोपलो नाई, वामन. मले वाटे माहाच पाय चुकला." एवढं बोलून निघून गेला. त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं नव्हतं, आणि त्याचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. मला तीन महिने घरी बसवलं. सरुमायकडे गेलो तेव्हा ती काठी घेऊन ओसरीपर्यंत यायला लागली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बेल देल्ली ते झालं. घाईत होता तू. पण सांगाले इतके दिवस लागले तुले?" ती पुन्हा बाजारात बसली नाही. टोपलं तिची सून आणायला लागली.

त्या तीन महिन्यांत मास्तर दर रविवारी माझ्या घरी यायचे. त्या प्रकरणाचा शब्द नाही. माझ्या मोठ्या मुलीला घेऊन अंगणात बसायचे. पाण्यानं भरलेली बादली जोरात गोल फिरवायचे आणि पाणी सांडत का नाही म्हणून तिला विचारायचे. ती काहीबाही उत्तरं द्यायची, ते प्रत्येक उत्तर नीट ऐकून घ्यायचे. एकदा ती म्हणाली, "पाण्याले भेव लागते." मास्तर म्हणाले, "हेबी तपासून पाहू." जाताना माझ्या बायकोला सांगून जायचे, "येतो वहिनी. वामनभाऊले घरात बसू देऊ नका, जरा फिरवा." आजूबाजूचे लोक माझ्या दाराशी यायचे टाळत होते त्या दिवसांत हा माणूस भर दुपारी सायकलवर सगळ्यांना दिसेल असा यायचा. तो मुद्दाम तसा यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

मग माझी बदली हिंगणघाटकडे झाली. वडनेरच्या बाजूच्या गाड्या मिळाल्या. आर्वी सुटली, मास्तरही सुटल्यासारखे झाले. ते निवृत्त झाल्याचं ऐकलं. पुढे एका उन्हाळ्यात ते गेल्याचं पत्र आलं, तेही दिवस होऊन गेल्यावर. पण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मला ते एकदा दिसले.

आर्वीकडच्या एका गावी नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. गावाबाहेर जत्रा भरली होती. दुपारी धाकट्या मुलीला घेऊन गेलो. मौत का कुआ लागला होता. उभ्या फळ्यांची ती मोठी गोल विहीर, आत मोटरसायकल भिंतीवरून गरगर फिरते आणि लोक वरून वाकून बघतात. खेळ संपला होता. विहिरीच्या मागे तो मोटरसायकलवाला, विशीतला किडकिडीत मुलगा, बादलीतल्या पाण्यानं तोंड धूत होता. त्याच्यासमोर उलट्या खोक्यावर एक पिकल्या केसांचा माणूस बसला होता.

मी जवळ गेलो. मास्तरांनी मान वळवली, मला पाहिलं. पाच-सहा वर्षांनी भेटत होतो. कसे आहात, केव्हा आलात, काही नाही. माझं मनगट धरून त्यांनी मला खाली बसवलं. "वामनभाऊ, बरे सापडले. ऐका, हा काय सांगून राह्यला." आणि मुलाकडे वळून त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "बेटा, फिरसे बता. ऊपर घूमता है तब नीचे किधर लगता है तेरे को?"

मुलगा तोंड पुसत हसला. "गुरुजी, ऊपर जाके तो दीवारही जमीन लगती है. किनारे पे जो लोग खडे हैं ना, वो टेढे दिखते हैं."

"टेढे दिखतात!" मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. "तीस वर्षं शिकवलं मी हे. भिंत त्याले आतमंधी ढकलते, म्हणून तो वळत राह्यते, सारं फळ्यावर काढून दाखवलं. पण लोकं तिरपे दिसतात हे मले कोणी सांगतलं नव्हतं."

"आपकोभी बिठाऊं पीछे?" मुलगा म्हणाला.

मास्तरांनी त्या प्रश्नाचाही खरंच विचार केला. मग माझ्या मुलीकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि नाइलाजानं मानेनंच नाही म्हटलं. तेवढ्यात पुढच्या खेळाची घंटा झाली. मुलगा आत गेला. मास्तर उठले आणि आमची वाट न पाहता लाकडी जिना चढायला लागले. माझी मुलगी भोंग्याच्या आवाजाला घाबरली म्हणून मी खालीच थांबलो. आतून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, फळ्या थरथरायला लागल्या. वरच्या कडेला माणसांची डोकी ओळीनं दिसत होती. बहुतेक जण एकाच जागी बघत होते आणि मोटरसायकल समोर आली की ओरडत होते. एकच पिकल्या केसांचं डोकं होतं, ते मोटरसायकलसोबत गोल गोल फिरत होतं. एकही फेरा न सोडता.